पालथा घडा

चैत्र वद्य त्रयोदशी आली, की आमच्या घरातले कोणी ना कोणी तेरला जातेच. धारूर, केज, कळंब अशी एस. टी. बदलत, दशम्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन, आजी मला लहानपणापासून तेथे नेत आली आहे. तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे. आम्ही कुंभार. पंढरीचा विठोबा साऱ्या जगाचा असला, तरी गोरोबाकाका खास आपले, अशी आजीची समजूत. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून काकांनी थापटण्याने एकेका संताचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा ती गाडीत दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी स्वतःच हसते. समाधीवर डोके टेकायचे, नदीकाठच्या सावलीत दशम्या सोडायच्या, कीर्तन ऐकायचे आणि दिवस मावळायच्या आत परतीची गाडी धरायची. तेर म्हणजे मला एवढेच ठाऊक होते.

'तगर' मला भेटले ते बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. 'सातवाहनकालीन व्यापारी केंद्रांची माहिती लिहा' हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो, म्हणून पैठण, तगर, भोगवर्धन, जुन्नर, नाशिक, कल्याण, सोपारा अशी माळ मी तोंडपाठ करून ठेवली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम ग्रीक भाषकाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या सागरप्रवासाच्या पुस्तकात तगराचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगराहून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला जात असे, हेही पाठ होते. पाठ होते, म्हणजे फक्त पाठ होते. एके दिवशी सर शिकविता शिकविता सहज म्हणाले, "तगर म्हणजे आपले तेर. फ्लीट नावाच्या इंग्रज पंडिताने १९०१ साली ते दाखवून दिले."

मी बाकावर ताठ झालो. आपले तेर? जेथे मी गोडीशेव घेऊन दे म्हणून रडलो होतो, ते तेर? ज्या मातीवर बसून आम्ही दशम्या खाल्ल्या, तिच्या खाली रोमशी व्यापार करणारे शहर पडले आहे, आणि हे मला विसाव्या वर्षी कळावे!

पहिला भर ओसरल्यावर दुसरा प्रश्न पडला आणि तो मात्र ओसरेना. या तगरात माझे कोण होते?

मी पुस्तक पुन्हा वाचायला घेतले. त्यात राजे होते, राण्या होत्या, श्रेष्ठी होते, भिक्षू होते. मडकीही होती. काळी-तांबडी मृद्भांडी, झिलईची तांबडी मृद्भांडी, अशी त्यांची वर्गवारी होती. पण ती करणारा कोठेच नव्हता. पुस्तकात मडकी 'सापडतात', 'आढळतात', 'उपलब्ध होतात'; ती कोणी 'केली' असे पुस्तक म्हणत नाही. वाचता वाचता असे वाटू लागते, की पाऊस पडल्यावर छत्र्या उगवतात तशी ही मडकी जमिनीतूनच उगवत असावीत.

खरे सांगायचे, तर हा सल जुना आहे. शाळेत असताना संस्कृत घ्यायचे मी ठरविले होते. कोणती शाळा, कोणते गुरुजी, ते सांगण्यात आता स्वारस्य नाही. माझे नाव वाचून ते एवढेच म्हणाले, "याला कशाला संस्कृत? पालथ्या घड्यावर पाणी. त्यापेक्षा घरी जाऊन घडे घडव म्हणावे." सारा वर्ग हसला. मीही हसलो. न हसून सांगतो कोणाला? मग मी मुकाट्याने हिंदी घेतले. पण त्या दिवसापासून प्राचीन काळ म्हणजे दुसऱ्या कोणाचे तरी माजघर आहे, आपण फार तर ओट्यापर्यंत जावे, असे मनात पक्के बसले.

महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयाने मला या बाबतीत धीर दिला, हे येथे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली, हे मी वाचले. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा प्रश्न विचारणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि महात्मा फुल्यांना अर्पण केला. आपले संस्कृतवर प्रभुत्व नाही, ही उणीव त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केली. पण तेवढ्यावरून या विषयावर बोलण्याचा आपला अधिकार जातो, हे मात्र मान्य केले नाही. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' हे १९८१ चे पुस्तकही हाती आले. दलित घरातली एक मुलगी संस्कृत शिकते, त्यात एम. ए. होते, संस्कृतची प्राध्यापक होते, आणि त्या वाटेवर तिला काय काय ऐकून घ्यावे लागते, ते वाचताना माझ्या वर्गातले ते हसू मला पुन्हा ऐकू आले. पण या वेळी ते फार लांबून आले. पुढे दामोदर धर्मानंद कोसंबी भेटले. हा माणूस गणिताचा प्राध्यापक. पण पुण्याच्या आसपासच्या डोंगरवाटा त्याने पायी तुडविल्या, धनगरांशी बोलला, शेंदूर फासलेल्या गावदेवतांपाशी थांबला आणि पोथीत न सापडणारा प्राचीन काळ चालत्याबोलत्या माणसांत शोधला. १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त ते सारे आहे. म्हणजे माजघराला मागूनही एक दार होते तर!

सरांना मी माझा प्रश्न सांगितला. त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढले आणि नाशिकच्या लेण्यांतले लेख वाचायला लावले. तेथे माझ्यासमोर एक नवेच जग उघडले. एका लेण्यात मुगूदास नावाचा दासक, म्हणजे कोळी, कुटुंबासह लेणे दान देतो. दुसरीकडे नहपानाचा जावई उषवदात गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवतो, दरमहा शेकडा एक या व्याजाने. त्या व्याजातून भिक्षूंना चिवरे मिळावीत म्हणून. आणि आणखी एका लेखात आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी ठेव ठेवली आहे ती तेल्यांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि 'कुलरिकां'च्या श्रेणींकडे. कुलरिक म्हणजे बहुधा कुंभार.

कुंभारांकडे ठेव! त्याच वर्षी आबा वीटभट्टीसाठी कर्ज मागायला एका बँकेत गेले होते. तारण काय, जामीन कोण, उद्या या, परवा या, असे तीन आठवडे चालले आणि शेवटी आबा पुन्हा दुसऱ्याच्या भट्टीवर मजुरीला गेले. आणि येथे दगडात कोरून ठेवले आहे, की लोक आपला पैसा विश्वासाने कुंभारांच्या हवाली करीत होते, तोही कायमचा. त्या रात्री मला झोप आली नाही. दोन दिवसांत मी 'सातवाहनकालीन कुंभारांचे वैभव' असे नाव देऊन आठ पानी ट्युटोरियल लिहून काढले. त्यात उद्गारचिन्हे फार होती.

वही परत आली ती तांबड्या शाईने न्हालेली. सरांनी पहिल्याच पानावर लिहिले होते : 'हा लेख सातवाहनांचा नाही. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातला, म्हणजे नंतरचा आहे.' पुढे 'कुलरिक म्हणजे कुंभार' या वाक्याभोवती गोल करून त्यांनी विचारले होते : 'बहुधा कोठे गेले?' वैभव या शब्दाखाली रेघ होती आणि समासात लिहिले होते : 'श्रेणीकडे ठेव होती, म्हणून कुंभाराला समाजात मान होता, हे सिद्ध होते काय? त्याच शतकांतली धर्मशास्त्रे शूद्रांविषयी काय म्हणतात ते पाहा.' हे सारे मी गिळले. पण ती वही मॅडमनीही पाहिली होती, आणि त्यांचे एकच वाक्य शेवटच्या पानावर होते. 'एका दात्याने ठेव ठेवली, असे तुम्ही तीनदा लिहिले आहे. लेख पुन्हा वाचा.'

मी पुन्हा वाचला. ठेव ठेवणारी बाई होती. तिचे नाव विष्णुदत्ता. ती शक होती, म्हणजे बाहेरून आलेल्या लोकांतली. अग्निवर्म्याची मुलगी, रेभिलाची बायको, विश्ववर्म्याची आई, असा सारा पत्ता दगडावर स्वच्छ कोरलेला होता. मी तो वाचला होता, हेही खरे. पण माझे सारे डोळे 'कुलरिक' या एका शब्दावर खिळलेले. ती माझ्या वाक्यात येता येता 'दाता' होऊन गेली. आता पाहू लागलो तर त्या एका दगडावर आभीर राजा होता, शक बाई होती, भिक्षू होते, तेली होते, कुंभार होते. इतकी नाना तऱ्हेची माणसे एकत्र नांदत होती आणि मला त्यांतली फक्त माझीच तेवढी दिसली होती.

तोपर्यंत माझी अशी पक्की समजूत होती, की वगळण्याचे पाप नेहमी दुसरे करतात. राजांचा इतिहास लिहिणाऱ्याने कुंभार वगळला, म्हणून मी चिडलो होतो. कुंभारांचा इतिहास लिहिताना मी बाई वगळली, आणि मला कळलेही नाही. त्या गुरुजींनाही कदाचित कळले नसेल.

गेल्या चैत्रात आजीला घेऊन तेरला गेलो, तेव्हा हे सारे डोक्यात घोळत होते. समाधीचे दर्शन झाले. दशम्या झाल्या. मी म्हणालो, "आजी, येथे संग्रहालय आहे. चल, जुनी मडकी दाखवितो."

"मडकी बघायला पैसं मोडायचे व्हय रे? जलम गेला की मडक्यात," असे म्हणत ती आली.

रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच गृहस्थांनी वर्षानुवर्षे गावातून गोळा केलेल्या वस्तू आज शासकीय संग्रहालयात त्यांच्या नावाने जतन केल्या आहेत. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या नाजूक बाहुल्या. तेरला सापडलेली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे; इटलीत इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिची तुलना करतात. मी आजीला हे सारे सांगत होतो. ती 'हं, हं' करीत होती आणि तिची नजर मात्र पलीकडच्या कपाटाकडे होती. तेथे एक वाडगे होते. बाहेरून तांबडे, आतून आणि काठाशी काळे. ती काचेला नाक लावून उभी राहिली.

"हे पालथं भाजलंय," ती म्हणाली.

मी चमकलो. सरांनी वर्गात हेच सांगितले होते. काळी-तांबडी मृद्भांडी आव्यात पालथी घालून भाजत असावेत, असे अभ्यासक मानतात, हे माझ्या वहीत होते. आजीच्या वहीत ते कोठून आले?

"कशावरून म्हणतेस?"

"आत धूर कोंडलाय की. तोंड भुशात, बूड वर. भाईरून आर लागली म्हणून लाल झालं, आत वाराच गेला न्हाई म्हणून काळं. आवा रचताना एखादं गाडगं असं पालथं भुशात रुतलं, की आतून काळंच निघायचं. मंग तुपला आज्जा मपल्यावर वरडायचा, रचाया येत न्हाई म्हून."

म्हणजे आजोबांच्या लेखी जी चूक होती, ती दोन हजार वर्षांपूर्वी कोणाची तरी कला होती.

पुढे एका मोठ्या रांजणाचा तुकडा होता. त्याच्या आतल्या अंगाला खोलगट ठसे होते. आजीने ते पाहून आपला हात तसा वाकवून दाखविला. "ह्यो थापटलेला हाय. आतून दगुड धरलाय आन् भाईरून थापटणं मारलंय. बाईचा हात हाय हा."

"बाईचाच कशावरून?"

"आमच्यात थापटायचं काम बायांचंच. चाकाला बाईनं हात लावायचा नसतो. चाकावरनं उतरलं, की फुडलं समदं आमच्याकडं."

मी भारावून म्हणालो, "आजी, तू तर पक्की कुंभार आहेस!"

त्यावर ती जे बोलली ते मी विसरणार नाही. अगदी सहज, पदर सावरीत ती म्हणाली, "म्या कुठली कुंभार, लेकरा? कुंभार तुपला आज्जा. म्या निस्ती थापटायचे."

परतीच्या गाडीत ती झोपली. मी जागा होतो. महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात कुटुंबाच्या व्यवसायाचे रकाने मी स्वतःच्या हाताने भरले होते. आजोबा, कुंभारकाम. वडील, वीटभट्टीवर मजुरी. आजी आणि आई, घरकाम. माती चाळणारी, लीद मिसळून ती मळणारी, थापटणारी, वाळविणारी, आवा रचणारी, डोक्यावर डालगे घेऊन गावोगाव मडकी विकणारी बाई. आणि मी लिहिले, घरकाम. उद्या कोणी आमचा अर्ज उकरून इतिहास लिहू लागला, तर दिंद्रुडच्या आमच्या घरात मडकी 'आढळतील', ती थापटणारी मात्र सापडणार नाही.

सरांना सारे सांगितले. सर खुश झाले. पण सर ते सरच. म्हणाले, "आजींच्या दोन म्हणण्यांत फरक करा. पालथे भाजले, हे तपासता येईल. थापटणारा हात बाईचा होता, हे आज तुमच्या घरचा रिवाज सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी तसेच होते याला वेगळा पुरावा लागेल. ते शक्यता म्हणून लिहा. आपली माणसे म्हणून पुरावा ढिला सोडायचा नाही. उलट, तुमच्याकडून तो जास्त मागितला जाईल, हे ध्यानात ठेवा." मग जरा थांबून म्हणाले, "आणि पहिले म्हणणे तपासता येईल, तर तपासत का नाही?"

आमचा आवा आजोबा गेल्यापासून थंड होता. त्यात आता शेजारच्यांच्या शेळ्या बसत. वैशाखात आबा भट्टीवरून परत आले, तेव्हा मी विषय काढला. "खुळा झालास का? पोटाला काय मिळणार त्यानं?" असे आबा म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो तेच चाक धूत होते. तळ्यातली गाळमाती आणली. आजीने ती चाळली, भिजविली, मळली. आबांनी चाकावर सात वाडगी उतरविली. इतक्या वर्षांनी चाकाला हात लावला म्हणून पहिली दोन वेडीवाकडी झाली. आजीने थापटून ती सारखी केली. ऐन उन्हाळ्याची हवा. वाडगी सावलीत लवकर वाळली. मग भुशाचा थर, त्यावर सारी वाडगी पालथी, आत भुसा भरलेला, भोवताली गोवऱ्या, वर पाचट आणि राख. आजीने हात जोडून गोरोबाकाकांचे नाव घेतले आणि विस्तव घातला. मी वहीत वेळ टिपली. रात्रभर आम्ही तिघे अंगणात बसून होतो. मला आठवते त्याप्रमाणे आजी आणि आबा इतका वेळ एकमेकांशी बोलताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. कोणत्या गावचे गिऱ्हाईक कसे, कोणत्या तळ्याची माती तडकते, संक्रांतीच्या सुगडांना किती आधी बसावे लागे; सारे मडक्यांविषयीच.

सकाळी राख निवल्यावर आजीने आवा उकलला. दोन वाडगी तडकली होती. दोन डागाळलेली, ना धड काळी ना धड तांबडी. तीन मात्र बाहेरून विटकरी तांबडी आणि आतून, काठापर्यंत, काळीभोर निघाली. मी आनंदाने ओरडलो. आजी मात्र डागाळलेली दोन हातात घेऊन बघत बसली. "हितं वारा शिरला. फुडल्या येळंला भुसा दाबून भरायचा," ती म्हणाली. फुडल्या येळंला! संशोधकाचे याहून वेगळे लक्षण कोणते असते, मला ठाऊक नाही.

मित्रहो, मी अजून काही शिकलेलो नाही. ब्राह्मीची अक्षरे आता कोठे जुळवीत वाचता येऊ लागली आहेत. प्राकृत शिकायचे आहे, आणि राहून गेलेले संस्कृतही. पदवी झाली की भट्टीवर हिशेबनीस म्हणून लागावे, अशी घरची अपेक्षा आहे, एम. ए. करावे, अशी माझी आहे. त्याचा निकाल अजून लागायचा आहे. पण एक गोष्ट मला आवर्जून सांगावीशी वाटते. प्राचीन जग मुळात अरुंद नव्हतेच. त्याच्याकडे पाहणारे थोडे होते आणि ते एकाच खिडकीतून पाहत होते. पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या गंधिकांची नावे आहेत, राजवैद्याच्या मुलामुलीची आहेत. तेथेच मिळालेल्या यक्षाच्या मूर्तीवर, ती आपण घडविली असे कण्हदास नावाच्या सोनाराने कोरून ठेवले आहे. त्या भिंतींवरचे छिन्नीचे घाव आपल्या वर्गातल्या वडाराच्या मुलाला दाखविले, तर तो काय सांगेल? तगराच्या कापडाविषयी कोष्ट्याची मुलगी कोणता प्रश्न विचारील? घाटवाटांविषयी धनगराचा मुलगा? ते सांगतील ते सारे खरेच असेल असे नाही. तपासावे लागेल, खोडावे लागेल. पण विचारल्याशिवाय तपासणार काय? आपापल्या जातीचा एकेक राजा शोधून त्याची मिरवणूक काढायची, हा त्यावरचा उपाय नव्हे. ती चूक मी आठ पाने भरून केली आहे, म्हणून अधिकाराने सांगतो. आणि आपल्या विभागाला एक विनंती आहे. पुढल्या सहलीला एखाद-दुसरी आजी सोबत न्यावी.

वाडगे घेऊन मी सरांकडे गेलो. त्यांनी ते उलटसुलट पाहिले, बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहिले आणि म्हणाले, "पक्के आहे. विभागाच्या कपाटात ठेवू. एक चिठ्ठी लिहून आणा. माती कोठली, भुसा किती, किती वेळ भाजले. आणि करणाऱ्याचे नाव."

घरी येऊन मी चिठ्ठी लिहीत बसलो. आजी शेजारी तांदूळ निवडीत होती.

"काय लिवायलास?"

"हे वाडगे कोणी केले ते. तुझे नाव लिहिले आहे."

"मपलं? आन् फुडं काय लिवलं?"

"कुंभार."

ती जरा वेळ गप्प राहिली. सुपातला एक खडा वेचून तिने लांब फेकला. "तुपल्या आज्जाला आवडलं नसतं," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. मग पुन्हा निवडायला वाकली आणि तशीच खाली पाहत म्हणाली, "लिव. पन चाकावर तुपला आबा बसला व्हता. त्याचंबी लिव. आन् ज्या तळ्याची माती आणली, त्या तळ्याचं नावबी ऱ्हाऊ दिऊ नगस."